हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन आजारी पडलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्या रीफ टँकमधल्या (कोरल वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) आजारी कोरलबद्दल, म्हणजे प्रवाळांबद्दल, जेवढे प्रश्न येतात, त्यातले निम्मेशिम्मे या तिघांबद्दल असतात. दिसायला देखणी, मांसल, आणि बिघडली की भराभर बिघडणारी. तिघंही पूर्वी यूफिलिया या एकाच प्रजातीत मोडत. 2017 मध्ये हॅमर आणि फ्रॉगस्पॉन फिंब्रियाफिलिया नावाच्या वेगळ्या प्रजातीत गेली, टॉर्च यूफिलियातच राहिलं. दुकानदार अजून सगळ्यांना यूफिलियाच म्हणतात, आपणही तेच म्हणू. खालची बरीचशी उत्तरं इतर मांसल कोरलनाही चालतात. जिथे चालत नाहीत तिथे तसं लिहिलं आहे.

काल छान फुललेलं होतं, आज उघडलंच नाही. आजारी आहे का?

एका दिवसावरून तसं म्हणता येत नाही. पाणी बदललं, काचेवरचं शेवाळ खरवडलं, खेकडा अंगावरून चालत गेला, एवढ्यानेही ही कोरल मिटून बसतात. मिटलेलं असताना मांस कुठवर आहे ते पाहा. सांगाड्याची धार मांसाने झाकलेली असेल, रंग जागेवर असेल, तर दोन-तीन दिवस हात लावू नका. धारेवरचं मांस मागे सरून पांढरा सांगाडा दिसू लागला असेल, तर मात्र पुढे वाचा.

एक सवय आजपासूनच लावून घ्या: रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी एक फोटो, आणि तोही पांढऱ्या लाइटमध्ये. निळ्या लाइटमध्ये सगळीच कोरल निरोगी दिसतात. विकणारे त्याच लाइटमध्ये फोटो काढतात ते उगाच नाही.

घाई कधी करायची आणि थांबायचं कधी, हेच कळत नाही.

खरा प्रश्न हाच आहे. कोरल रोगाने मरतात, तशीच मालकाच्या धावपळीनेही मरतात. एका संध्याकाळी मीठ वाढवलं, लाइट कमी केला, जागा बदलली, तीन बाटल्यांतली औषधं ओतली. आता बरं झालं तर कशाने झालं ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही.

तासांत हालचाल करायला लावणारी गोष्ट एकच: ब्राउन जेली. मांस हळूहळू मागे सरत असेल तर तुमच्या हाताशी दिवस असतात, कधी आठवडेही. मांस शाबूत आहे पण रंग उडून कोरल पांढरं पडलंय, तर बरं व्हायला आठवडे नाहीतर महिने लागतात, आणि तिथे घाई केली तर नुकसानच होतं. आधी बिघाडाच्या या तीन प्रकारांपैकी आपला कोणता ते ठरवा.

ब्राउन जेली ओळखायची कशी? दिसली तर लगेच काय करू?

हेडवर (बोटांसारखे तंतू असलेल्या एकेका तोंडावर) तपकिरी, बुळबुळीत, शेंबडासारखा थर दिसतो. फ्लोमध्ये, म्हणजे पाण्याच्या प्रवाहात, त्याचे धागे लोंबतात, तुटून वाहत जातात. खाली मांस विरघळत असतं. कोरल पाण्याबाहेर काढलं तर सडलेल्या मासळीचा भपकारा येतो, एकदा आला की तो वास विसरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली या थरात असंख्य सिलिएट (केसाळ एकपेशीय जीव) वळवळताना दिसतात. ते कोरलचं मांस खातात आणि मांसातली तपकिरी सहजीवी शैवालं गिळतात, म्हणून थराचा रंग तसा. त्यांच्या जोडीला जिवाणू असतातच.

आधी पाणी फिरवणारे वेव्हमेकर आणि रिटर्न पंप बंद करा. ही जेली उडून शेजारच्या हेडवर बसणं परवडणारं नसतं. मेडिकलमधून बिनसुईची 50 मिलीची सिरिंज आणून ठेवलेली असेल तर ती आता कामाला येईल. टोक थराच्या अगदी जवळ नेऊन ओढून घ्या. फुंकर मारल्यासारखं उडवू नका. ओढलेलं पाणी बादलीत, तिथून थेट गटारात, परत टँकमध्ये नाही. मग टँकचंच पाणी घेतलेल्या भांड्यात कोरल हलकेच काढा आणि उरलेली जेली तिथे धुऊन टाका.

आता फांद्यांचं कोरल असेल तर कापायचं. सांगाडा नीट पाहा: यूफिलियाचं जिवंत मांस हेडपासून थोडंसंच खाली उतरलेलं असतं, त्याखाली उघडी, मेलेली दांडी. काप त्या उघड्या दांडीवर घ्यायचा, निरोगी हेडच्या मांसाला पात्याचा स्पर्शही होऊ न देता. बारीक दांडीला बोन कटर चालतो. जाड दांडी कटरने दाबली तर ती उभी चिरते आणि चीर थेट मांसापर्यंत जाते. तिथे हिऱ्याची चकती लावलेलं छोटं रोटरी हत्यार घ्या आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. आजारी हेड वेगळं करा. त्यात थोडंही मांस शिल्लक असलं तरी ते मुख्य टँकमध्ये परत ठेवू नका.

उरलेल्या निरोगी भागाला आयोडीनचा डिप द्या, म्हणजे औषध मिसळलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवा. कोरलसाठीच मिळणारं आयोडीन वापरा आणि त्याच्या लेबलवरचं माप पाळा. पाणी टँकचंच, तेवढ्याच तापमानाचं. डिप झाल्यावर दुसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात बुचकळून मग वेगळ्या टँकमध्ये ठेवा. वेगळा टँक नसेल तर मुख्य टँकमध्ये इतर यूफिलियांपासून लांब, फ्लोच्या शेवटच्या टोकाला. डिपचं पाणी फेकून द्या. पुढचे काही दिवस सकाळ-संध्याकाळ पाहणी. जेली परत दिसली तर हेच सगळं पुन्हा.

माझं हॅमर फांद्यांचं नाही, सलग भिंतीसारखं आहे. तेही कापू?

वॉल हॅमरमध्ये सगळ्या तोंडांचं मांस एकमेकांना जोडलेलं असतं, त्यामुळे रोग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जातो. इथे कापायचं तर जिवंत मांसातूनच कापावं लागतं. रोगाच्या सीमेपासून निदान एक सेंटिमीटर आत, निरोगी भागात काप घ्या, नाहीतर कापलेल्या कडेवर तोच रोग उरतो. डायमंड ब्लेडची बँड सॉ असलेला ओळखीचा कोणी असेल तर त्याच्याकडे जा. नवशिक्याने दुकानात वॉल हॅमर घेऊच नये असं माझं मत आहे. फांद्यांचं घ्या, एक फांदी गेली तरी बाकीच्या राहतात.

पाण्यात काय काय तपासायचं?

या क्रमाने: सॅलिनिटी (खारटपणा), तापमान, अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता), मग नायट्रेट आणि फॉस्फेट, शेवटी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

सॅलिनिटी 35 पीपीटी (हजारात 35 भाग), म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण 1.026. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो 35 पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवा. नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो 35 लाही बरोबर असेलच असं नाही. काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. तापमान 25–26 अंश. अल्कलिनिटी डीकेएच या एककात 8–9. नायट्रेट 5–10 पीपीएम, फॉस्फेट 0.03–0.1 पीपीएम. कॅल्शियम 400–450, मॅग्नेशियम 1250–1350 पीपीएम.

हे आकडे देवाने दिलेले नाहीत. 7.5 डीकेएचवर वर्षानुवर्षं छान चाललेले टँक आहेत. कोरलला त्रास होतो तो चढउताराचा. म्हणून आजच्या आकड्यापेक्षा गेल्या दोन-तीन आठवड्यांची वही महत्त्वाची. वही नसेल तर पहिले चार-पाच दिवस रोज एकाच वेळी अल्कलिनिटी मोजा. टेस्ट किटची मुदतही बघा. संपलेल्या रिएजंटवर विश्वास ठेवून सोडा ओतत बसणारे कमी नाहीत.

अल्कलिनिटी 6 निघाली. किती सोडा घालू?

100 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला 3 ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. लिटर मोजताना टँकचं माप नाही, खरं पाणी धरा: दगड, वाळू वजा, सम्प (खालची जोडटाकी) जमा. सोडा आरओच्या पाण्यात विरघळवून जोरदार फ्लो असलेल्या जागी थेंब-थेंब सोडा, आणि दिवसाला अर्ध्या ते एक डीकेएचच्या वर जाऊ नका. 6 वरून 8 ला यायला तीन-चार दिवस लागू देत.

खाण्याचा सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नाही आणि ईनो तर नाहीच, त्यात सायट्रिक आम्ल असतं.

पांढरं पडलंय. लाइट वाढवला तर रंग परत येईल ना?

उलट होईल. कोरलचा तपकिरी-सोनेरी रंग त्याच्या मांसात राहणाऱ्या शैवालांचा. हीच शैवालं प्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातलं बरंचसं कोरलला मिळतं. उष्णतेने किंवा जास्त उजेडाने शैवालं बिघडली की कोरल त्यांना बाहेर टाकतं. आता तुम्ही अजून उजेड दिलात तर उरलीसुरलीही जातील. लाइटची तीव्रता कमी करा किंवा कोरल खाली सावलीच्या बाजूला न्या. यूफिलियाला 75–150 पार (शैवालांना वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो. पांढरं पडलेलं असेल तर या पट्ट्याच्या खालच्या टोकाला ठेवा. नवा एलईडी बसवलाय आणि आठवड्यात कोरल फिकं पडलं, ही गोष्ट इतक्यांदा ऐकायला मिळते की नवा लाइट आला की निम्म्या ताकदीवर सुरू करून महिनाभरात वर न्यावा, एवढं सांगून मी मोकळा होतो.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. रात्री लाइट बंद झाल्यावर टॉर्च मारा, बॅटरीवाला. सांगाड्यावर पारदर्शक, ओलसर मांस फुगलेलं दिसलं तर ते जिवंत आहे.

नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य येतात. म्हणजे पाणी एकदम शुद्ध, हो ना?

शुद्ध आहे, म्हणूनच कोरल उपाशी आहे. त्या शैवालांनाही नत्र आणि फॉस्फरस लागतो. दोन्ही शून्यावर राहिले की कोरल फिकी पडतात, आणि वाळूवर बुडबुडे धरणारी तपकिरी डायनोफ्लॅजेलेटची जाळी पसरायला मोकळं रान मिळतं. फॉस्फेट शोषणारी माध्यमं काढा, माशांना थोडं जास्त खायला घाला, स्किमर (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणारं यंत्र) काही तास बंद ठेवून पाहा. एकाच दिवशी तिन्ही नाही.

फ्लो किती हवा?

लांब बोटं संथ डोलली पाहिजेत. एकाच बाजूला आडवी पडून राहत असतील तर फ्लो थेट आणि जास्त आहे. अशा वेळी सांगाड्याच्या धारेवर मांस घासून फाटतं, आणि रोग तिथूनच आत शिरतो.

सगळी हेड एकाच बाजूने मागे सरताहेत. दुसऱ्या बाजूला काही नाही.

त्या बाजूला शेजारी कोण आहे ते पाहा. रात्री यूफिलिया नेहमीपेक्षा कितीतरी लांब, पातळ, टोकाला पांढरी गाठ असलेली बोटं सोडतात आणि समोरच्याला डंख मारतात. गॅलेक्सिया या कोरलची तर त्याहून लांब जातात. टॉर्च टॉर्चशेजारी सहसा गुण्यागोविंदाने राहतं, पण टॉर्च आणि हॅमर चिकटून ठेवले तर बहुतेक वेळा हॅमर हरतं. 15–20 सेंटिमीटर अंतर ठेवा. टँकमध्ये मोठं लेदर कोरल असेल तर ते पाण्यात रसायनं सोडत असतं, सम्पमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवा.

आणि तो क्लाउनफिश. समुद्रफूल नसलं की तो टॉर्चला घर मानतो आणि दिवसभर अंग घासत बसतो. मोठ्या टॉर्चला ते खपतं. दोन हेडच्या फ्रॅगला, म्हणजे कापून वाढवायला लावलेल्या तुकड्याला, नाही खपत. फ्रॅगवर आठवडाभर जाळीची टोपली उलटी घालून ठेवा. फरक पडला तर गुन्हेगार सापडला.

डिप दिला, किडे पडले, तरी आठवड्याने पुन्हा तेच. असं का?

डिपने चपटे किडे मरतात, अंडी मरत नाहीत. डिपनंतर सांगाड्याच्या खाचा आणि फ्रॅग प्लगची (तुकडा चिकटवलेल्या बैठकीची) खालची बाजू भिंगाने तपासा. अंड्यांचे तपकिरी ठिपके दिसले तर जुन्या टूथब्रशने किंवा ब्लेडने खरवडून काढा, प्लग तर सरळ तोडून टाका आणि फ्रॅग नव्या प्लगवर जेल सुपरग्लूने चिकटवा. नंतर आठवड्याला एक याप्रमाणे डिप चालू ठेवा, सलग दोन पाहण्यांत काही सापडेनासं होईपर्यंत. हे सगळं वेगळ्या टँकमध्ये. अशक्त, अर्ध्या विरघळलेल्या कोरलला मात्र कडक कीटकनाशक डिप देऊ नका.

आजारी आहे तर खायला घालू का?

मिटलेल्याला नाही. न खाल्लेला कोळंबीचा तुकडा हेडवर सडतो आणि जेलीला आमंत्रण देतो. उघडू लागलं, बोटं चिकट लागू लागली की मायसिस या कोळंबीसारख्या खाद्याचा बारीक तुकडा, आठवड्यातून एकदा-दोनदा, पंप बंद करून. मोठा तुकडा गिळलाय असं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तो जसाच्या तसा ओकलेला सापडतो.

मेडिकलमधली अँटिबायोटिक घालू का? सिप्रो चालते म्हणतात.

ब्राउन जेलीवर वेगळ्या भांड्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन वापरणारे आहेत आणि काहींची कोरल त्याने वाचलीही आहेत. पण मुख्य टँकमध्ये नाही. टँक चालतो तो दगडातल्या जिवाणूंवर. शिवाय ते औषध मिसळलेलं पाणी गटारात गेलं की बाहेरचे जिवाणू त्याला सरावतात, आणि हेच औषध माणसांनाही लागतं. मी कापण्यावर आणि स्वच्छतेवर जास्त भरवसा ठेवतो.

हळद? तुरटी? मिठाचं प्रमाण वाढवून?

नाही. नाही. नाही.

माशांना पांढरे ठिपके आलेत, त्यासाठी आणलेलं तांब्याचं औषध घालू?

माशांना बाहेर काढून दुसऱ्या टँकमध्ये उपचार करा. तांबं कोरल, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं आणि दगड-वाळूत मुरून नंतरही सुटत राहतं. नळाच्या पितळी तोट्या आणि जुन्या पाइपांतूनही ते येऊ शकतं. म्हणून टँकला आरओनंतर डीआय रेझिनमधून निघालेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेलं पाणीच वापरा. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळलेली असतात किंवा थोडं कच्चं पाणी सोडलेलं असतं. त्याचा टीडीएस मोजून पाहा, म्हणजे कळेल.

मे महिन्यात तापमान 30 च्या वर जातं. चिलर परवडत नाही.

पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावा. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत पंखा चांगलं काम करतो, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, मग थंडही होत नाही. तिथे खोलीत एसी नाहीतर चिलर, मधला मार्ग नाही. पंख्याने उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोज टॉप-अप करायचा तो बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याने.

लाइट गेली तर तापमानाआधी ऑक्सिजन संपतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या, आणि इन्व्हर्टरवर निदान एक वेव्हमेकर.

दिवाळीच्या आधी घर रंगवायचं आहे.

एअर पंप आणि स्किमर खोलीतली हवा ओढतात आणि ती थेट पाण्यात मिसळतात, रंगाच्या वाफेसकट. रंगकाम चालू असताना स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडा आणि कार्बन ताजा घाला. पेस्ट कंट्रोल त्या खोलीत करूच नका. डासांसाठीच्या बहुतेक कॉइल आणि लिक्विडमध्ये पायरेथ्रॉइड ही कीटकनाशकं असतात, कोळंबी आणि खेकडे आधी जातात.

झोअँथिड आजारी आहेत. दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करू?

अजिबात नाही. हा प्रश्न इथे घेतला तो कोरलसाठी नाही, तुमच्यासाठी. झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे मऊ, कोरलसारखे जीव) आणि विशेषतः त्यांतल्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते अत्यंत जहाल विष आहे. दगड उकळल्यावर वाफेतून विषबाधा होऊन अख्खी कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत. गरम पाणी नाही, ब्रशने घासणं नाही, हवेत कापणं नाही. हातमोजे आणि चष्मा घाला, हातावर जखम असेल तर कामच पुढे ढकला. नंतर छातीत दुखलं, श्वास लागला, तोंडाला कडवट धातूची चव आली, अंग दुखू लागलं तर लगेच दवाखाना, आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द स्वतःहून सांगा.

मालवणला स्नॉर्कलिंग करताना एक तुकडा मिळाला. टँकमध्ये लावू?

नको. 2001 पासून दगडी कोरल, काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मेलेला तुकडा उचलणंही त्यात आलं. परदेशातून येणारी दगडी कोरल साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात मोडतात, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत परदेशी प्राण्यांची नोंदणी करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर आहे. दुकानदार कागद दाखवायला तयार नसेल तर घेऊ नका. दुबई, न्यू जर्सी किंवा मेलबर्नमध्ये असाल तर तिथले नियम वेगळे, पण टँकमध्ये वाढवलेल्या कोरलचा फ्रॅग मागणं सगळीकडेच शहाणपणाचं. तो टँकच्या पाण्याला सरावलेला असतो आणि समुद्रातून काढलेल्यापेक्षा सहसा चिवट निघतो.

हेड पूर्ण गेलं. आता फेकून देऊ?

वास येत असेल, तपकिरी थर असेल, तर ताबडतोब बाहेर. स्वच्छ पांढरा सांगाडा असेल आणि बाकी टँक ठीक असेल तर राहू द्या, मंद उजेडात, मंद फ्लोमध्ये. हॅमरच्या, तसंच डंकन या मांसल कोरलच्या, मेलेल्या वाटणाऱ्या दांडीवर बाजूने बारीक नवी हेड फुटतात, सुरुवातीला मोहरीएवढी. यायची असली तर काही महिन्यांत दिसतात. मधल्या काळात सांगाड्यावर हिरवं शेवाळ चढेल, ते टूथब्रशने काढताना दांडीच्या बाजू जपा. एखादं हेड सांगाड्यातून सुटून नुसतं मांस तरंगताना सापडलं तर त्याला जाळीच्या डबीत, जवळजवळ स्थिर पाण्यात ठेवा. ते काही आठवडे जगतं, पण परत सांगाडा धरणं क्वचितच घडतं. डबीतलं हेड आणि दांडीवरची मोहरी यांत जागेची निवड करायची झाली, तर मी दांडी ठेवेन.